पुढाऱ्याने आधी बोलायचं

मेस, खोली क्रमांक ११
४ मार्च

वहिनी,

नमस्कार. वाकून केला असता, पण कालपासून मान संपावर गेली आहे. तेव्हा हा उभ्याउभ्याच गोड मानून घे.

तुझी तक्रार मान्य आहे. फोनवर मी 'ठीक आहे'च्या पुढे सरकत नाही आणि दादा 'काय?'च्या पुढे सरकत नाही. त्याने कानात यंत्र घालायचं नाही असं ठरवलंच असेल, तर आपण तिघांनी पत्रांवरच भागवलेलं बरं.

तू विचारलं होतंस की एवढा मोठा अधिकारी होऊनही मी स्वतः अजून कोलांट्या का मारतो. कारण दुसरं काही येत नाही. माझ्या पथकात नऊ विमानं आहेत. मी सगळ्यांत पुढे, म्हणून पोरं मला पाठीमागे 'पुढारी' म्हणतात, आणि मला ते माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. उडायच्या आधी आम्ही सगळे रिकाम्या हँगरमध्ये ओळीने चालतो. हात पंखांसारखे धरायचे, डोळे अर्धवट मिटायचे, मी तोंडाने 'वर, वर, अजून वर, आता उलटे' म्हणत वळणार आणि आठ धट्टेकट्टे लोक माझ्यामागे वळणार. परवा नवीन झाडूवाला आत आला, दोन मिनिटं बघत राहिला आणि हळूच बाहेरून दार लावून गेला.

हे हसण्यावारी नेऊ नकोस. वर गेल्यावर त्या आठांनी जमिनीकडे बघायचं नसतं, स्वतःच्या घड्याळांकडेही फारसं नाही. फक्त माझ्याकडे बघायचं. मी त्यांना डोंगरात नेलं तर ते ओळ न मोडता डोंगरात येतील. सगळ्यांत मागे आणि सगळ्यांत खाली जो उडतो त्याला आम्ही 'तळमजला' म्हणतो. सत्तावीस वर्षांचा आहे, अखंड बडबडतो आणि माझ्या चालण्याची नक्कल माझ्यापेक्षा चांगली करतो.

उतरल्यावर 'आरशात' बसायचं. आरसा म्हणजे नऊ-दहा खुर्च्यांची एक खोली, तिथे आरसा नाही. टोप्या बाहेर खुंटीला टांगायच्या आणि आत प्रत्येकाने आपापली चूक सांगायची. पुढाऱ्याने आधी बोलायचं, हा नियम. थोरल्याने स्वतःची चूक सांगितली की धाकट्यांची जीभ सुटते.

पुढच्या आठवड्यात पठारावरच्या तळावर प्रात्यक्षिक आहे. आणि एक कानगोष्ट. माझ्या खांद्यावर बढतीची जाड पट्टी यायचं चाललं आहे. एक अख्खा तळ हाताखाली येईल. अजून कुणाला सांगू नकोस.

तुझा,
बारकू


घर
११ मार्च

बारकू,

आशीर्वाद आहेतच, ते पत्रागणिक नवे काढायची गरज नाही.

मानेला गरम पाण्याची पिशवी लाव. वीस मिनिटं, जास्त नाही. आणि तिच्यावर टेकून झोपू नकोस. एकतीस वर्षं हॉस्पिटलात काढली आहेत, मला त्या पिशव्यांनी भाजलेले लोक माहीत आहेत.

पट्टीचं कुणाला सांगितलं नाही. फक्त शेजारणीला. आणि ती कुणाला सांगणार नाही, कारण जिला सांगायचं ती तिची बहीण तिथेच बसली होती. रागावू नकोस. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, आई नसलेला, गुडघे फुटलेले, आणि सासऱ्यांनी तुझा हात माझ्या हातात देऊन 'हा पण' एवढंच म्हटलं होतं. त्या 'हा पण'च्या खांद्यावर जाड पट्टी येणार असेल तर मी तोंडाला कुलूप लावून कशी बसणार?

दादा तुझं पत्र दोनदा वाचून म्हणाला, 'डोंगराचं त्याने का लिहिलं?' मी म्हटलं, गंमत केली आहे. तो म्हणाला, 'काय?'

ते आरशाचं मला आवडलं. आमच्याकडे तशी खोली असती तर बरं झालं असतं. आमच्याकडे सर्जन आधी बोलायचे, पण चूक सांगायला नाही.

लग्नाचं मी काही म्हणत नाही. अठ्ठेचाळीस म्हणजे काही वय नाही, एवढंच म्हणते.

वहिनी


मेस
२९ मार्च

वहिनी,

सगळं ठीक आहे. पठारावरची फेरी पार पडली. लोकांनी भरपूर टाळ्या वाजवल्या. पट्टीचं पत्र आलं, एक जुलैपासून. मान बरी आहे.

तळमजल्याने बदलीचा अर्ज दिला आहे. मालवाहू विमानांकडे जायचं म्हणतो. बहुतेक लग्न ठरलं असेल, हल्ली बडबडही थांबली आहे.

दादाला नमस्कार.

बारकू


घर
३ एप्रिल

बारकू,

कोण आहे ती?

उगाच आव आणू नकोस. तीन आठवडे पत्र नाही, आणि आलं ते नऊ ओळींचं. ज्या माणसाने शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीत पाचवा आल्याचं चार पानी वर्णन केलं होतं, तो जाड पट्टीला अर्धी ओळ देतो? शिवाय 'टाळ्या' शब्दावर खाडाखोड आहे. आधी दुसरं काहीतरी लिहिलं होतंस. मी खिडकीशी धरून पाहिलं, दिसत नाही.

मन थाऱ्यावर नसलेला माणूस मला ओळखता येतो. हॉस्पिटलात दर उन्हाळ्यात दोन-तीन शिकाऊ डॉक्टर असे व्हायचे, मग जूनमध्ये पेढ्याऐवजी राजीनामे. म्हणून विचारते. घटस्फोटित असली तरी चालेल. मुलं असली तरी चालतील, मला तयार मुलं वाढवायची सवय आहे. फक्त ती तुझ्या हाताखाली काम करणारी नसू दे, त्यात तिचेच हाल होतात.

दादा म्हणतो, बाई नाही, काहीतरी झालंय. पण तो आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवत बसलेला माणूस, त्याला बायकांमधलं काय कळतं.

वाट बघते आहे. फोटो असला तर पाठव.

वहिनी


मेस
९ एप्रिल

वहिनी,

बाई नाही. चूक आहे.

दादाला माझ्याकडून सांग की तो जिंकला. हे पत्र त्याला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

विमानातलं उंचीचं घड्याळ समुद्रापासूनची उंची दाखवतं. त्यामुळे प्रत्येक मैदानावर हिशेब बदलतो. आमचं मैदान समुद्रापासून साठ मीटरवर आहे, पठारावरचं दीडशेवर. मोठा गोल मारताना वर जायचं, घड्याळात ठरलेला आकडा दिसला की उलटं होऊन खाली यायचं. तो आकडा तिथे नव्वदने जास्त हवा. माझ्या मांडीवरच्या कागदावर तो बरोबर लिहिलेला होता. मी कागदाकडे पाहिलंच नाही. चार हजार वेळा घरच्या मैदानावर पाहिलेला आकडा दिसला आणि मी सवयीने उलटा झालो. नऊ विमानं घेऊन.

अर्ध्यावर जमीन नको तेवढी मोठी दिसायला लागली. मी होती नव्हती ती ताकद लावून दांडा ओढला आणि बाहेर पडलो. नेहमी एकशेवीस मीटरवरून बाहेर पडतो. त्या दिवशी मी पस्तिसावर होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वहिनी. उभे राहून वाजवल्या. मी आधी 'किंकाळ्या' लिहिलं होतं.

कुणालाही कळलं नाही. आठ जण माझ्याकडे बघत होते. खाली रेडिओ घेऊन उभा राहणारा आमचा माणूस, ज्याला सगळे 'जमीनदार' म्हणतात, त्याने वहीत 'उत्तम' लिहिलं. पट्टीचं पत्र त्याच दुपारी आलं.

आणि मी आरशात बसलो. आधी बोलायचं होतं ते मीच. मी म्हणालो, 'दुसऱ्या वळणात मी आवाज द्यायला अर्धा सेकंद उशीर केला.' ते खरं होतं. मोठी चूक झाकायला मी लहान चूक पुढे केली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेव्हापासून आरशात सगळे अर्ध्याअर्ध्या सेकंदाच्याच चुका सांगतात. खोली दहा मिनिटांत रिकामी होते. मी रोज बरोबर उडतो आहे, कागद दोनदा बघतो आहे. झालं ते झालं, पुन्हा होणार नाही, कुणाला काही इजा नाही, असं मी स्वतःला रोज सांगतो आणि ते मला रोज पटतं, संध्याकाळपर्यंत.

तुला सांगून बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटत नाहीये.

बारकू


घर
१३ एप्रिल

बारकू,

पत्र वाचून मी भांडी घासली. आधीच घासलेली होती ती. मग तुझं २९ मार्चचं पत्र काढलं आणि पुन्हा वाचलं.

कुणालाही कळलं नाही असं तू लिहितोस. तुझ्या तळमजल्याने पाहिलं आहे.

मला कसं कळलं ते सांगते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या दादालाही नाही. मी ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून दुसऱ्या वर्षाला होते. पोटाचं ऑपरेशन होतं. टाके घालायच्या आधी कापडाच्या घड्या मोजायच्या असतात, जेवढ्या दिल्या तेवढ्या परत आल्या पाहिजेत. माझी एक कमी भरत होती. सर्जनांनी विचारलं, 'मोजणी बरोबर?' मोठ्या सिस्टर म्हणाल्या, 'बरोबर.' मी शेजारी उभी होते, हात दोन्ही वर धरून. ते सर्जन म्हणजे त्या हॉस्पिटलातले देव. मी गप्प राहिले. अकराव्या दिवशी तो माणूस तापाने फणफणून परत आला. पुन्हा उघडावं लागलं. वाचला. मला कुणी काही विचारलं नाही, कारण मला माहीत होतं हे कुणाला माहीतच नव्हतं.

मी त्याच आठवड्यात डोळ्यांच्या वॉर्डात बदली मागितली. सगळ्यांना वाटलं, लग्न ठरलं असेल.

आता कळलं? सगळ्यांत खाली तो होता. तू पस्तिसावर होतास तर तो कितीवर होता? बडबड्या पोरगा एकाएकी गप्प होतो आणि मालगाडी हाकायला जायचं म्हणतो, ते लग्नासाठी नाही.

काय करायचं ते मी सांगणार नाही. बोललास तर पट्टी जाईल एवढं मलाही कळतं. ती मला हवी होती, खोटं कशाला बोलू. पण त्या पोराला मी ओळखते. त्याला कधी पाहिलं नाही, तरी चांगलं ओळखते. त्याला असं पाठवू नकोस रे.

वहिनी


मेस
२१ एप्रिल

वहिनी,

बोललो.

तुझं पत्र खिशात घालून तीन दिवस हिंडत होतो. तळमजला जेवायला समोर बसायचा आणि मीठ पुढे सरकवायचा, बस. काल सरावानंतर टोप्या टांगल्या, आत बसलो, आणि मी आधी बोललो. फळ्यावर दोन आकडे लिहिले आणि सांगितलं की पठारावर मी नव्वद मीटर कमी उंचीवरून उलटा झालो, तुम्हा आठांना घेऊन. आणि उतरून इथे बसून तुम्हाला अर्ध्या सेकंदाची गोष्ट सांगितली.

मग जमीनदार म्हणाला, 'सर, मला वाटलं तुम्ही मुद्दाम खाली आलात. पंचवीस वर्षं उडणाऱ्या माणसाला मी काय विचारणार? म्हणून उत्तम लिहिलं.' त्याचे कान लाल झाले होते.

आणि तळमजला उठून उभा राहिला. आरशात कुणी उभं राहत नाही. म्हणाला, 'मला गवत दिसलं, सर.'

मी म्हटलं, 'बस.'

'नाही सर. मी जमिनीकडे बघत नव्हतो, तुमच्याकडेच बघत होतो. तेच डोळ्यांत शिरलं. पाती दिसली. हिरवी, काही वाळलेली. वेगवेगळी मोजता आली असती.'

'मग बोलला का नाहीस?' हे उजव्याने विचारलं, माझ्या उजव्या पंखाशी उडतो तो. मला विचारायचं धैर्य झालं नसतं.

तळमजला म्हणाला, 'सरांनी अर्धा सेकंद सांगितला. गवताचं काही बोलले नाहीत. म्हणजे मलाच भास झाला असणार. ज्याला भास होतात त्याने या पथकात कसं राहायचं? म्हणून अर्ज दिला.'

वहिनी, तू म्हणालीस त्याहूनही हे वाईट होतं. तुला निदान माहीत होतं की तुझी मोजणी बरोबर आहे. या पोराचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास मी काढून घेतला, आणि तोही खुर्चीत आरामात बसून. मी त्याला म्हटलं, 'गवत होतं. तुझे डोळे चांगले आहेत. चूक माझी, आणि लपवली तीही मीच.' तो बसला आणि हातांत तोंड धरून रडला. मग मीही रडलो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, फळ्यासमोर, हातात खडू.

मग डावा बोलायला लागला. दोन आठवडे उन्हात त्याला माझ्या पंखावरची खूण दिसत नाही, तो अंदाजाने उडतो आहे. सहावा सर्दीने कानांत दडे बसलेले असताना उडाला होता. दहा मिनिटांची खोली, अकराला बसलो ते दोनला उठलो. चहा तीन वेळा आला आणि तीन वेळा गार झाला.

आज सकाळी थोरल्या साहेबांना सगळं लेखी दिलं. अर्ज मागे घेतला आहे. माझा नाही, तळमजल्याचा.

बारकू


घर
२५ एप्रिल

माझ्या बारकू,

शाबास. आणि रडलास ते चांगलं केलंस, तू आईच्या वेळी रडला नव्हतास असं सासरे सांगायचे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दादाला माझं ते घड्यांचं सांगितलं. हळू आवाजात सुरुवात केली. तो म्हणाला, 'काय?' जरा मोठ्याने सांगितलं. 'काय?' शेवटी मी स्वयंपाकघरात उभी राहून ओरडले, 'मला माहीत होतं आणि मी गप्प बसले!' ते त्याला कळलं. शेजारणीलाही कळलं, खाली भाजीवाल्यालाही कळलं असावं. चाळीस वर्षं जपलेली गोष्ट दीड मिनिटात गल्लीभर झाली.

दादा उठला, माझ्या हातातला कुंचा काढून घेतला आणि म्हणाला, 'मग आता बैस जरा.' आणि उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ या, असं आपण होऊन म्हणाला.

साहेब काय म्हणाले ते कळव. काहीही म्हणाले असले तरी कळव.

वहिनी


मेस
३० मे

वहिनी,

चौकशी संपली. पट्टी 'तूर्त स्थगित'. थोरल्या साहेबांनी हा शब्द इतक्या हळुवारपणे उच्चारला की मला कळलं, ती आता येत नाही. पथकाच्या पुढे मी उडायचं नाही. उजवा आता पुढारी, त्याच्या जागी एक नवा पोरगा आला आहे. तू शेजारणीला कसं सांगणार याची मला खरंच काळजी वाटते.

साहेबांनी मुख्यालयात एक खुर्ची देऊ केली, खिडकीशेजारची. मी म्हटलं, मला जमीनदाराचं काम द्या. ते हसले. 'ते काम कालच्या पोरांचं आहे. रेडिओ घेऊन उन्हात उभं राहायचं आणि वहीत उत्तम लिहायचं.' मी म्हटलं, म्हणूनच. एक अट मात्र घातली. खालून 'थांबा' असा आवाज आला की पुढाऱ्यासकट सगळ्यांनी थांबायचं, सरळ व्हायचं आणि उतरायचं. का, कशाला, हे उतरल्यावर. साहेब बराच वेळ पेन्सिलीने टेबल वाजवत बसले. म्हणाले, 'हजारो लोकांसमोर तुम्ही थांबवाल?' मी हो म्हटलं. त्यांनी सही केली.

खरं सांगू का? उजवा माझ्या जागेवर बसून पहिल्यांदा वर गेला तेव्हा मला खाली उभं राहवेना. पाय थरथरत होते. पंचवीस वर्षं मी वर असताना खाली कुणाचे पाय थरथरत असतील, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नव्हता. तू एक शब्द कधी बोलली नाहीस.

चौदा जूनला मोठं प्रात्यक्षिक आहे. दोन पास सोबत ठेवले आहेत. मी उडणार नाहीये, म्हणजे बघण्यासारखं काही नाही. तरी ये.

तुझा,
जमीनदार


घर
१६ जून

बारकू,

तू फाटकापाशी येशील म्हणून थांबलो, पण शिपायाने सांगितलं की सगळे आत बसले आहेत. आरशात असणार, म्हणून निघालो. तिथे आत यायला आम्ही कोण.

आता काय पाहिलं ते लिहिते, तू खालून वेगळं पाहिलं असशील. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. दादाने कानात नवं यंत्र घातलं होतं आणि पहिलं विमान डोक्यावरून गेल्याबरोबर काढून खिशात टाकलं. नऊ विमानं वर गेली. इतकी जवळ जवळ की मला वाटलं, आता एकमेकांना पुसून जातील. मी इतकी वर्षं कधी आले नाही, कारण तू वर असताना मला बघवलं नसतं. परवा तू वर नव्हतास तरी माझे हात गार पडले होते. नऊही कुणाचीतरी पोरं आहेत.

मग ती सरळ वर चढायला लागली. लोक 'ओऽ' करायला लागले. आणि मध्येच ती आडवी झाली, सरळ रेषेत लांब निघून गेली आणि एकेक करून उतरली. भोंग्यावर सांगितलं, प्रात्यक्षिक संपलं, आभारी आहोत.

लोक काय चिडले रे! माझ्या पुढचा माणूस म्हणाला, 'एवढ्यासाठी पहाटेपासून बसलो?' कुणी शिट्ट्या मारल्या. एक पोर भोकाड पसरून रडायला लागलं. मला कळलं. थांबा कुणी म्हटलं ते मला लगेच कळलं. मी उभी राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. एकटी. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता तोही वाजवायला लागला. पुढचा माणूस वळून बघत राहिला, म्हाताऱ्यांना उन्हाने काही झालं की काय म्हणून.

किती कमी होती उंची? मला आकडा सांग. मला त्या पुढच्या माणसाला सांगायचा होता.

वहिनी


मेस
१९ जून

वहिनी,

उंची बरोबर होती.

अगदी बरोबर, एक मीटरही कमी नाही. नवा पुढारी कागद बघून चढला होता. खालून उन्हात मला ती कमी वाटली आणि मी 'थांबा' म्हणालो. सोळा हजार लोक आले होते. थोरले साहेब पहिल्या रांगेत होते, आणि त्यांचे पाहुणेही.

टोप्या टांगून आत गेलो. पुढाऱ्याने आधी बोलायचं असतं, पण मी त्याला म्हटलं, आज मला आधी बोलू दे. 'माझं चुकलं. उंची बरोबर होती. मी उगाच थांबवलं.' मग मी त्यांच्याकडे बघायचं टाळत फळ्याकडे बघत उभा राहिलो. एका जन्मात दोनदा या फळ्यासमोर उभं राहायला लागेल असं वाटलं नव्हतं.

तळमजला म्हणाला, 'मला वाटलंच होतं सर, उंची ठीक आहे.'

'मग थांबलास का?'

'तुम्ही थांबा म्हणालात.'

'आणि उद्या मी पुन्हा असंच चुकीचं थांबवलं तर?'

त्याने बाकीच्यांकडे पाहिलं. नवा पुढारी, डावा, सहावा, सगळे माझ्याकडे बघत होते, वर असताना बघायचे तसे.

'तर उद्या पुन्हा थांबू, सर,' तो म्हणाला. आणि मग नेहमीसारखा बडबडायला लागला, की उतरताना त्याचं चाक कसं जरा जोरात टेकलं आणि त्याची चूक त्याच्याकडे कशी अर्धीच आहे आणि अर्धी वाऱ्याकडे.

बारकू